कॅम्परच्या पाण्याच्या नळीला क्विक-कनेक्ट: लावावं, की आटेच बरे?

रानवाट | ८ जून, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. दीड वर्षाने धागा काढतोय आणि तोही नळीवर. हसायचं असेल तर हसून घ्या, मग उत्तर द्या.

आम्ही ओहायोत असतो. २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचा कॅम्पर) आहे, मुलं दोन, कुत्रा एक. कामाची वाटणी ठरलेली: ट्रेलर मागे घेणं, समतल करणं आणि सांडपाण्याचा पाईप माझ्याकडे, वीज आणि पाणी बायकोकडे. मागच्या आठवड्यात मुक्कामी पोचलो तेव्हा अंधार आणि पाऊस. तिच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे ओल्या हाताने ती नळीची पितळी चकती काही केल्या फिरेना. शेवटी फिरली, पण ट्रेलरच्या बाजूला आटे तिरके बसले. तिला वाटलं घट्ट झालं. नळ सोडल्याबरोबर पाण्याचा पंखा थेट तिच्या चष्म्यावर. मी पलीकडून "काय झालं?" म्हणून विचारलं. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

सकाळी निघताना उलटी तऱ्हा. नळाकडची बाजू सुटेचना. नळीचं टोक अॅल्युमिनियमचं, नळ पितळी. तीन दिवसांत एकमेकांना चिकटून बसले. शेजारच्या साइटवरच्या एका आजोबांनी पाना दिला आणि सोबत सल्लाही: "क्विक-कनेक्ट लाव रे बाबा." (इंग्रजीत, पण सूर तोच.)

तर प्रश्न असे. कॅम्परला हे क्विक-कनेक्ट (आटे न फिरवता टक्कन बसणारे जोड) लावावेत का? लावायचे तर नेमके कुठे-कुठे? आणि बंद केल्यावर आपोआप पाणी अडवणारे घ्यावेत की साधे? कुणी वापरत असाल तर अनुभव सांगा. दुकानाच्या पानावरचे रिव्ह्यू वाचून डोकं फिरलंय, एक जण पाच तारे देतो आणि त्याखालचा म्हणतो आठवड्यात गळायला लागलं.

पितळीलोटा | ८ जून, रात्री १०:२५

लावा. सहा वर्षं वापरतोय, परत आट्यांकडे जाणार नाही.

रचना माहीत नसलेल्यांसाठी: एक असतो मेल तुकडा, म्हणजे गुळगुळीत पितळी नाक, त्यावर एक खाच. दुसरा फिमेल, त्यात बाहेरची सरकणारी बांगडी आणि आत गोलाकार बसवलेल्या छोट्या पोलादी गोळ्या. बांगडी मागे ओढली की गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते, नाक आत जातं. बांगडी सोडली की गोळ्या खाचेत बसतात. टक् असा आवाज येतो. गळती थांबवायचं काम गोळ्यांचं नाही हं, ते आतल्या ओ-रिंगचं, म्हणजे रबरी कडीचं. त्यामुळे गळायला लागलं की लोक सगळं फेकून देतात, तिथे चार आण्याची रिंग बदलली की झालं.

खरेदी करताना एक घोळ होतो, मीही केला. नळीची दोन टोकं वेगळी असतात. नळाकडच्या टोकाला आतून आटे, ट्रेलरकडच्या टोकाला बाहेरून. आणि ट्रेलरच्या भिंतीतलं जे सिटी वॉटरचं, म्हणजे बाहेरच्या नळाचं पाणी आत घ्यायचं, तोंड आहे, त्याला फिरणारी चकती असते, आटे आतून. म्हणजे तिथे बसणाऱ्या तुकड्याला बाहेरून आटे हवेत. मी घाईत चारही तुकडे आतून आट्यांचे मागवले. निम्मे अजून गॅरेजच्या खोक्यात आहेत. कुणाला हवेत का?

घरबशा | ८ जून, रात्री १०:३१

"काय झालं?" हा प्रश्न ऐकल्यावर नळी तुमच्याकडे वळवली नाही यातच संसार सुखाचा आहे हे कळतं. बाकी चालू द्या.

काटेकोर | ९ जून, सकाळी ७:०५

पितळीलोटा यांच्याशी बराचसा सहमत. पण "कुठे-कुठे" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहितो. पेशाने प्लंबर नाही, पण पाईप आणि दाब यांच्याशी रोजचा संबंध आहे.

पहिली गोष्ट, नळ दुसऱ्याचा असतो. कॅम्पग्राऊंडच्या नळावर तुमचा मेल तुकडा आधीपासून बसवलेला नसतो. म्हणजे दर मुक्कामाला तिथे एकदा आटे फिरवणं चुकत नाही. क्विक-कनेक्टने आटे फिरवणं संपतं ते ट्रेलरच्या बाजूला, फिल्टरच्या दोन्ही बाजूंना आणि दोन नळ्या जोडायच्या असतील तर त्या जोडावर. नळाच्या बाजूला फायदा एवढाच की २५ फुटी नळीच्या वजनाशी झटापट न करता एक छोटा तुकडा मोकळ्या हाताने बसवता येतो, नळीला पीळ पडत नाही. वहिनींच्या मनगटासाठी तोही फायदा लहान नाही.

दुसरं, प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे नळाचा दाब कमी करणारा तुकडा. तो नळालाच लावायचा, ट्रेलरच्या टोकाला नाही. काही कॅम्पग्राऊंडमध्ये दाब १०० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) वर असतो. घरांसाठीच्या प्लंबिंग नियमांतसुद्धा ८० च्या वर गेलं की दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि ट्रेलरची आतली पाईपलाईन ४० ते ६० मध्ये सुखी असते. रेग्युलेटर ट्रेलरजवळ लावला तर नळी आणि मधले सगळे क्विक-कनेक्ट पूर्ण दाब सोसतात. म्हणून क्रम असा: नळ, त्यावर रेग्युलेटर आट्यांनीच, रेग्युलेटरच्या पुढच्या तोंडावर मेल तुकडा कायमचा. रेग्युलेटर हातात धरायला जाडजूड असतो, तो फिरवायला सोपा जातो.

दाबाचा अंदाज यावा म्हणून: ४५ पीएसआय म्हणजे साधारण ३१ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ, दहा मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी. आपल्या चार मजली सोसायटीत तळमजल्यावरच्या नळाला जेमतेम १७ च्या आसपास मिळत असे. आपल्याला दाब म्हणजे काय हे लहानपणी कळतच नाही, कारण तो नसतोच.

तिसरं, शिसं. हे बागेचं सामान आहे हे विसरू नका. पितळेत शिसं घालतात ते लेथवर काम सोपं व्हावं म्हणून. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागावर शिशाचं सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्याच्या वर चालत नाही. त्याआधी ८ टक्क्यांपर्यंतच्या फिटिंगलाही "लेड-फ्री" म्हणता येत असे. पण बागेपुरत्या सामानाला हा नियम लागू नाही. म्हणून पाकिटावर "लेड-फ्री" किंवा "पिण्याच्या पाण्यासाठी" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं "सॉलिड ब्रास" हे कौतुक म्हणून वाचू नका.

रानवाट | ९ जून, दुपारी १२:५०

काटेकोर, हे शिशाचं डोक्यातच आलं नव्हतं. कार्टमध्ये जे टाकलं होतं त्याचं पान उघडून पाहिलं, सर्वात खाली बारीक अक्षरात "पिण्याच्या पाण्यासाठी नाही". काढलं.

आणि आपोआप बंद होणारे घेऊ की साधे?

पितळीलोटा | ९ जून, दुपारी १:१५

नळीच्या बाजूला बंद होणारा बरा. नळी काढली की सगळं पाणी पायावर सांडत नाही.

काटेकोर | ९ जून, दुपारी १:४०

इथे मी उलट सांगेन. आतल्या व्हॉल्व्हमुळे वाट अरुंद होते आणि धार बारीक. साध्या क्विक-कनेक्टचं भोकही नळीपेक्षा लहानच असतं, त्यात व्हॉल्व्ह आला की शॉवरमध्ये फरक जाणवतो. शिवाय दाब आत अडकतो. दोन्ही टोकांना बंद होणारे लावून नळी जूनच्या उन्हात टाकून पाहा. आतलं पाणी फुगतं, जायला जागा नाही, नळी टम्म. मग तोच तुकडा परत बसवायला जाल तर नाक आत जाता जात नाही, कारण आतला दाब ते बाहेर ढकलतोय. हिशेब करा: अर्धा इंच व्यासाच्या तोंडावर ६० पीएसआय म्हणजे जवळजवळ १२ पौंड, सव्वापाच किलो. दुखऱ्या मनगटाने ते दाबायचं.

साधे घ्या, आणि निघताना आधी नळ बंद, मग ट्रेलरमधली एखादी तोटी उघडून दाब सोडायचा, मग बांगडी ओढायची. दहा सेकंदांचं काम.

पितळीलोटा | ९ जून, दुपारी २:०२

माझी धार काही बारीक झाली नाही. पण आमच्याकडे दोघंच, दाढी आणि भांडी सोडली तर पाणी लागतंच किती. उन्हाचा मुद्दा मान्य. एकदा नळी सापासारखी फुगलेली पाहिली आहे, दोषी कोण ते आज कळलं.

थंडोबा | ९ जून, संध्याकाळी ६:३०

मिनेसोटातून लिहितोय, म्हणजे विषय कळलाच असेल.

सिटी वॉटरच्या तोंडात एक नॉन-रिटर्न (पाणी उलटं न जाऊ देणारा) व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्यापुढे बारीक जाळी. क्विक-कनेक्टचा तुकडा तिथे कायमचा लावून ठेवलात तर हिवाळा लागायच्या आधी तो काढा. त्यात पाण्याचा घोट शिल्लक राहतो आणि गोठला की पितळ जिंकतं, प्लास्टिकचं तोंड हरतं. हवेने पाईप मोकळे करताना (मी ४० पीएसआयच्या वर जात नाही) किंवा गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरताना तो तुकडा हातात असला पाहिजे, भिंतीत नाही.

आणि हिवाळाच लागतो असंही नाही. यलोस्टोनमध्ये पूर्ण हूकअप (वीज, पाणी, सांडपाणी तिन्हींचे जोड) फक्त फिशिंग ब्रिजला आहेत, आणि ते तळं ७,७०० फुटांच्या वर. तिथे जूनमध्ये रात्री नळी गोठलेली मी स्वतः पाहिली. अशा ठिकाणी मी संध्याकाळीच टाकी भरून घेतो, नळी काढून मोकळी करतो आणि रात्रभर पंपावर चालवतो. क्विक-कनेक्टचं खरं सुख तिथे: थंडीत हातमोजे घालून नळी निघते. आट्यांच्या काळात मी आळस करायचो, "आज नाही गोठणार" म्हणायचो. गोठायची.

बोहरीआळी | ९ जून, रात्री ८:१०

माझी चूक ऐका आणि हसा. मागच्या डिसेंबरात पुण्याला गेलो होतो. बोहरी आळीत चकाचक पितळी फिटिंग दिसली, पाऊण इंची, इथल्या निम्म्या भावात. बॅगेत दीड किलो पितळ भरून आणलं. विमानतळावर क्ष-किरणवाल्याने बॅग दोनदा फिरवली.

इथे आल्यावर नळीला लावायला गेलो तर दोन आटे छान बसतात आणि तिसऱ्याला अडकतं. जोर लावला. आटे मेले, नळीचे.

मग शोधलं. आपल्याकडे ब्रिटिश पाईप आटे, पाऊण इंचीला इंचामागे १४. अमेरिकेतल्या बागेच्या नळीला इंचामागे साडेअकरा. बाहेरच्या व्यासात फरक फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून हाताला वाटतं की बसतंय. नेमकं तेच घात करतं. फारच वेगळं असतं तर प्रयत्नच केला नसता.

पानापक्कड | ९ जून, रात्री ८:३५

आणि हे पण सांगून ठेवतो, बऱ्याच आपल्या लोकांना टेफ्लॉन टेपची सवय असते. नळीच्या आट्यांवर टेप गुंडाळून काही होत नाही. ते आटे सरळ असतात, निमुळते नाहीत. ते फक्त आवळायला. गळती थांबते ती तळाशी बसलेल्या रबरी वायसरने. माझ्या सासऱ्यांनी आमच्या नळाला टेपचा फेटा बांधला होता. आत वायसरच नव्हता.

टेम्पोतलाफकीर | १० जून, सकाळी ९:२०

भारतातून प्रतिसाद चालेल ना?

आमची गाडी म्हणजे प्रवासी टेम्पोच्या आत पलंग, ओटा आणि सीटखाली ८० लिटरची टाकी. कोकणात किंवा घाटावर कॅम्परला नळजोड वगैरे भानगड नसते. होमस्टेवाल्या काकूंना विचारायचं, "पाणी भरून घेऊ का?", त्या अंगणातल्या नळाकडे बोट दाखवतात, झालं. मग प्रश्न उरतो नळाच्या तोंडाचा. एके ठिकाणी अर्धा इंची आट्यांचा नळ, दुसरीकडे गुळगुळीत तोटी, तिसरीकडे मोटरीला लावलेला थेट काळा पाईप.

मी प्लास्टिकचे टक्कन बसणारे बागेचे कनेक्टर वापरतो. डब्यात अर्धा इंची, पाऊण इंची आणि एक रबरी तोंड, ते कुठल्याही तोटीवर क्लिपने आवळता येतं. तिघांच्याही पुढे तेच नाक, त्यामुळे नळी एकच. दाबाची चिंता नाही, काटेकोर म्हणतात तसा तो नसतोच. उलट टाकी भरेपर्यंत चहा होतो. मोटर लावली असेल तर मात्र प्लास्टिकचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. गुहागरला एकदा काकूंच्या तुळशीच्या कुंडीत जाऊन पडला. त्या म्हणाल्या, "असू दे, तुळशीला पाणी झालं."

बर्मिंगहॅमकर | १० जून, दुपारी ३:४५

हे टक्कन बसणारं प्लास्टिकचं नाक म्हणजे मूळ जर्मनीतल्या गार्डेना कंपनीचं, १९६८ पासूनचं. नंतर इतक्यांनी तसलं बनवलं की आता इथे ब्रिटनमध्ये बागेचं सामान म्हटलं की तेच.

मजा म्हणजे इथल्या बहुतेक कॅरॅव्हॅनना तुमच्यासारखं थेट नळजोडाचं प्रकरणच नसतं. अॅक्वारोल नावाचं ४० लिटरचं पिंप असतं. ते लोळवत नळापर्यंत न्यायचं, भरायचं, लोळवत आणायचं, त्यात पंप सोडायचा. सकाळी पायजम्यातले सभ्य गृहस्थ पिंपं लोळवताना दिसतात. आमच्या सौ. म्हणतात, विहिरीवरून पाणी आणायचं बंद व्हावं म्हणून आई-बाबांनी शिकवलं आणि आम्ही पैसे भरून तेच करायला इथे आलो.

निळीनळी | १० जून, रात्री ११:१०

सगळ्यांनी सोय सांगितली, मी सोयीचा तोटा सांगते. हा प्रसंग आमच्या घरात तीन महिने कुणी काढला नाही, आता हसण्यावारी नेता येतो.

ज्यांच्याकडे कॅम्पर नाही त्यांच्यासाठी: संडासाच्या टाकीला आतून धुवायला बाहेर एक वेगळं पाण्याचं तोंड असतं. ब्लॅक टँक फ्लश. दिसायला पिण्याच्या पाण्याच्या तोंडासारखंच, हातभर अंतरावर. त्याची नळी वेगळी ठेवायची असते, आणि ती पिण्याच्या पाण्याला कधीही, कशासाठीही वापरायची नसते. आमची पिण्याची निळी, धुण्याची हिरवी.

मोठ्या उत्साहात मी दोन्ही नळ्यांना, दोन्ही तोंडांना तेच क्विक-कनेक्ट लावले. एका पाकिटात सहा जोड आले होते ना.

मागच्या वर्षी मे महिन्यात सासरे आले होते, साताऱ्याहून. आयुष्यभर शेती, मोटर, पाईप यातले जाणकार. स्वस्थ बसवत नाही. आम्ही सकाळी फिरायला गेलो आणि त्यांनी परतीची तयारी म्हणून टाकी धुवून ठेवली, कौतुकाने. परत आलो तर निळी नळी फ्लशच्या तोंडात आणि हिरवी पिण्याच्या तोंडात टक्कन बसवून झालेली. वर चहाही करून ठेवलेला. "किती सोपं आहे गं हे, आटे नाहीत काही नाहीत."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

त्यांची काय चूक? बसतं म्हणून बसवलं. आटे असते तर ती दोन मिनिटं फिरवताना कदाचित रंग लक्षात आला असता. कदाचित नाही. पण मी तरी असं करायला नको होतं की चुकीची नळीही तितक्याच प्रेमाने बसेल.

तेव्हापासून हिरवी नळी आट्यांवरच. तिला क्विक-कनेक्ट नाही, आणि फ्लशच्या तोंडालाही नाही. निळी तिथे बसूच शकत नाही. हिरवी पिण्याच्या तोंडाला बसू शकत नाही, कारण तिथे नाक आहे. हे लाल पट्टी चिकटवून, पाटी लावून होत नाही. सासऱ्यांनी चष्मा लावलेला नसतो.

थंडोबा | १० जून, रात्री ११:२५

चहा प्यायलात?

निळीनळी | १० जून, रात्री ११:३२

तो सांडला, असं ठरलं.

काटेकोर | ११ जून, सकाळी ६:५०

निळीनळी, या धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद. मी माझ्या यादीत हे लिहायला हवं होतं, राहिलं.

असं झालंच तर ती नळी टाकून द्यायची, धुवून वापरायची नाही. आणि ट्रेलरची पाण्याची यंत्रणा निर्जंतुक करून घ्यायची. सर्रास वापरतात ते प्रमाण: टाकीच्या दर १५ गॅलनला, म्हणजे साधारण ५७ लिटरला, पाव कप साधं बिनवासाचं घरगुती ब्लीच. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतायचं, टाकी भरायची, पंप लावून प्रत्येक तोटीला, गरम आणि थंड दोन्हींना, ब्लीचचा वास येईपर्यंत सोडायचं. गरम पाण्याच्या टाकीतही ते पोचलं पाहिजे, पण हीटर बंद ठेवून. फिल्टरची कांडी आधी काढून ठेवायची. काही तास, जमल्यास रात्रभर तसंच, मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवायचं. मोसमाच्या सुरुवातीला हे एरवीही करावं.

पानापक्कड | ११ जून, सकाळी ८:१५

मोसमाच्या सुरुवातीवरून आठवलं, ओ-रिंगला वंगण. क्विक-कनेक्ट आठवड्यात गळतो म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या रिंगा कोरड्या असतात आणि उरलेल्यांच्या वाळूने कापलेल्या. खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, मोहरीच्या दाण्याएवढं बोटावर घेऊन रिंगेवर फिरवायचं. व्हॅसलीन नको, पाण्याच्या फिटिंगमध्ये पुष्कळदा ईपीडीएम रबर असतं, ते पेट्रोलियमने फुगतं.

आणि नळी गुंडाळताना तोंडं जमिनीवर ठेवू नका. दोन्ही टोकं एकमेकांत टक्कन अडकवून टाका, आत किडा-मुंगी-वाळू जात नाही. हे आट्यांच्या नळीलाही जमतं, पण कोण फिरवत बसतो?

बोहरीआळी | ११ जून, सकाळी ८:४०

मी खोबरेल लावलं होतं. सांगून टाकतो, एवीतेवी अब्रू गेलीच आहे.

पानापक्कड | ११ जून, सकाळी ८:४४

आणि ते २४ अंशांच्या खाली गोठलं.

बोहरीआळी | ११ जून, सकाळी ८:४५

पांढरं शुभ्र. मला वाटलं क्षार जमले, म्हणून घासत बसलो.

थंडोबा | ११ जून, सकाळी ९:३०

एक राहिलं. ट्रेलरच्या तोंडावर क्विक-कनेक्टचा जोड लावला की नळी भिंतीपासून अडीच-तीन इंच पुढे येते. वरून फिल्टर लटकवला तर सगळा भार त्या प्लास्टिकच्या तोंडावर, लांब दांड्याच्या पान्यासारखा. मुलं नळीला पाय अडकवून पडतात तेव्हा काय होतं ते मला विचारू नका. आधी काटकोनी तुकडा लावा, म्हणजे नळी सरळ खाली लोंबते. फिल्टर जमिनीवर.

रानवाट | २९ जून, रात्री १०:०५

तीन आठवडे झाले, दोन मुक्काम झाले. हिशेब देतो.

लेड-फ्री लिहिलेले, साधे, विनाव्हॉल्व्ह घेतले. चार जोड. नळाला रेग्युलेटर आट्यांनी, त्यापुढे मेल तुकडा. ट्रेलरला काटकोनी तुकडा आणि मग मेल. नळीच्या दोन्ही टोकांना फिमेल. तिसरा जोड फिल्टरच्या दोन्ही बाजूंना, चौथा सुटा. फ्लशची नळी आट्यांवरच, आणि तिच्या खोक्यावर मुलीने कवटीचं चित्र काढलंय, त्याला कवटीपेक्षा गणपतीचा आकार जास्त आलाय.

पहिल्या मुक्कामाला बायकोने पाणी जोडायला किती वेळ लागला ते मोजलं नाही, पण मी पुढचे जॅक खाली घेईपर्यंत ती खुर्ची टाकून बसली होती. एक जोड ठिबकत होता. मी पाना शोधायला लागलो, तिने बांगडी मागे ओढून परत टक् केलं, थांबलं. नाक अर्धंच बसलं होतं. तेव्हा नियम: बसवल्यावर एकदा ओढून पाहायचं.

दुसऱ्या मुक्कामाला जोडणी मस्त, शॉवर मस्त. निघताना नळ बंद, आतली तोटी उघडून दाब सोडला, बांगडी ओढली, नळी गुंडाळली, दोन्ही टोकं मुद्दाम वेगवेगळ्या टोप्यांत. सगळं शिस्तीत. ४० मैल आल्यावर लक्षात आलं की रेग्युलेटर नळावरच राहिला, माझ्या नव्या नाकासकट. आट्यांच्या दिवसांत हे कधीच झालं नसतं, नळी काढायची म्हणजे रेग्युलेटरला हात लागायचाच. आता नळी टक्कन निघते आणि तो तिथेच दिमाखात उभा राहतो.

फोन केला. ऑफिसातल्या बाईंनी शोधून ठेवला. म्हणाल्या, पेटीत आणखी सहा आहेत, हवा तो घेऊन जा.

पितळीलोटा | २९ जून, रात्री १०:२०

सहांतला एक माझा असेल. मी रेग्युलेटरला लाल रिबीन बांधतो आणि तिचं दुसरं टोक गाडीच्या किल्लीला. म्हणजे मुक्कामभर किल्ली नळावर. पाऊस असला की किल्ली ओली, पण विसरत नाही.

घरबशा | २९ जून, रात्री १०:२६

आणि किल्ली चोरीला गेली की गाडी, ट्रेलर, नळी सगळंच क्विक-डिस्कनेक्ट.

रानवाट | ३० जून, सकाळी ७:४०

नमस्कार, मी बायको. याच्या लॉगिनवरून लिहितेय, तो दुकानात गेलाय.

मनगट माझं, धागा याचा, म्हणून एवढंच: पहिल्या फोटोत (अजून चढवलेला नाही) जे काटकोनी जोडलेलं दिसतंय ते मी बसवलंय. रेग्युलेटर विसरला तो मात्र याने, कारण निघताना "आज पाणी मी बघतो, तू बस" असं म्हणाला होता. निळीनळी, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. इकडे पुढच्या महिन्यात माझे बाबा येतायत, निवृत्त ज्युनियर इंजिनिअर, पाणीपुरवठा. हिरवी नळी मी आजच कुलपात टाकली.